व्होर्टेक्स डायमंडबॅक टॅक्टिकल ६-२४×५०: दीड वर्ष वापरला, मोजून पाहिला, नागपूरच्या उन्हात तपासला

दीड वर्ष झालं हा स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण, माझ्याकडे आहे आणि तेव्हापासून रेंजवरचे, ओळखीतले, ओळखीतल्यांच्या ओळखीतले सगळे एकच विचारून राहिले की भाऊ घ्यायचा का नाही, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतो. लांब होईल, पण ज्याला खरंच पैसे घालायचे आहेत त्यानं पूर्ण वाचा, कारण माझे एकदा वाया गेले आहेत.

आधी रायफल सांगतो, कारण ती माहीत नसेल तर स्कोपबद्दल बोलण्यात अर्थ नाही. माझी .२२, म्हणजे लहान गोळीची, बोल्ट अॅक्शन (प्रत्येक गोळीला हातानं बोल्ट ओढायची), लायसन्सवर. क्लबची ५० मीटरची रेंज हे नेहमीचं ठिकाण, आणि वर्षातून पाच-सहा वेळा आम्ही काही जण परवानगी घेऊन बाहेर १०० आणि २०० मीटरवर कागद मारायला जातो. फक्त कागद आणि लोखंडी प्लेट. शिकारीचा विषय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंच संपवलाय, आणि ज्याच्या गावाच्या एका अंगाला पेंच आणि दुसऱ्या अंगाला ताडोबा आहे त्यानं स्कोप लावलेली रायफल रेंज सोडून कुठं नेऊच नये असं माझं ठाम मत आहे.

आता कोणी म्हणेल २०० मीटर काय लाँग रेंज असते का. .२२ साठी असते. ४० ग्रेनची, म्हणजे साधारण अडीच ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ३२० मीटरनं निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्याही खाली. ५० ला झिरो केली, म्हणजे धरलं तिथंच लागेल अशी बसवली, की १०० ला ती साधारण २० ते २२ सेंटिमीटर खाली पडते आणि २०० ला दीड मीटरच्याही खाली. मिलमध्ये, म्हणजे १०० मीटरला १० सेंटिमीटर होणाऱ्या कोनाच्या मापात, सांगायचं तर १०० ला २.२ आणि २०० ला ८.३ च्या आसपास. मोठ्या गोळीच्या .३०८ रायफलीला टरेट, म्हणजे स्कोपवरचा नेम वर-खाली करायचा नॉब, एवढा वर न्यायला अंतर सातशे मीटरच्या पुढं जावं लागतं. म्हणजे स्कोपच्या क्लिकची (टरेटच्या एकेका खटक्याची) जी परीक्षा मोठी रायफल सातशेवर घेते ती .२२ दोनशेवरच घेते, गोळीचा खर्च कमी, खांद्याला त्रास नाही. वारा पण तसाच. ताशी १० किलोमीटरची आडवी हवा म्हणजे आपल्याला अंगाला जाणवते न जाणवते एवढीच, पण १०० मीटरला ती .२२ ला पाच-सहा सेंटिमीटर सरकवते. म्हणून मी कोणालाही सांगतो की लांबचं शिकायचं तर .२२ वर शिका, आणि त्यावर स्कोप मात्र खरा लावा.

माझा पहिला स्कोप खरा नव्हता. नाव घेत नाही. बॉक्सवर लिहिलेला झूमचा आकडा पाहून घेतला होता, आकडा मोठा, काच पण पहिल्या नजरेत स्वच्छ वाटली, टरेटवर भारी उंच टोप्या, लाल-हिरवा लाइट, सोबत स्कोप धरायच्या रिंग फुकट. ५० मीटरवर काही कळलंच नाही, कारण तिथं एकदा झिरो केला की कोणी टरेटला हात लावत नाही, ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) पण चांगले यायचे. पहिल्यांदा २०० ला गेलो आणि तक्त्याप्रमाणं क्लिक फिरवले तर सगळ्या गोळ्या खाली. मला वाटलं अॅम्युनिशन, मग वाटलं माझा ट्रिगर, मग वाटलं हवा. दोन महिने मी स्वतःचा श्वास आणि बोट सुधारत बसलो. त्या दोन महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं, कारण चूक माझ्या बोटात नव्हती.

माझं काम हिंगणा एमआयडीसीत मोजमापाचं आहे, दिवसभर डायल गेज, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर. शेवटी एक दिवस डोक्यात आलं की आपण कंपनीत मशीनचा स्क्रू मोजल्याशिवाय विश्वास ठेवत नाही आणि इथं टरेटवर छापलेल्या आकड्यावर डोळे झाकून ठेवून राहिलो. टरेट म्हणजे काय, तर एक स्क्रूच. तो फिरवला की आतली एक बारीक नळी ढकलली जाते आणि समोरून एक स्प्रिंग तिला दाबून धरते. स्क्रूचा पिच चुकीचा असेल तर प्रत्येक क्लिक थोडा कमी किंवा थोडा जास्त जाणार, आणि स्प्रिंग कमजोर असेल तर वर नेलेली नळी परत जागेवर येणार नाही, आमच्या भाषेत बॅकलॅश. दोन्ही गोष्टी काचेतून पाहून दिसत नाहीत. दुकानात तर अजिबातच दिसत नाहीत.

मग मोजलं. पद्धत सांगतो, कोणालाही जमते. टेपनं ५० मीटर मोजा, टेबलाच्या कडेपासून नाही, टरेटपासून कागदापर्यंत, कारण अर्धा मीटर चुकला तर तुमच्या उत्तरात एक टक्का चूक आधीच आली. उंच पुठ्ठ्यावर कागद चिकटवा आणि गवंडी वापरतात तो ओळंबा सोडून त्यावर उभी रेघ ओढा. खाली एक ठिपका. ठिपक्यावर धरून तीन गोळ्या मारा. मग ८ मिल वर फिरवा आणि परत त्याच ठिपक्यावर धरून तीन मारा. १ मिल म्हणजे १०० मीटरला १० सेंटिमीटर, ५० ला ५, म्हणून ८ मिलला वरचा ग्रुप बरोबर ४० सेंटिमीटर वर आणि ओळंब्याच्या रेघेवर यायला पाहिजे. त्या जुन्या स्कोपचा आला ३७.५ वर. म्हणजे मी ८ फिरवत होतो आणि तो साडेसातच देत होता. २०० मीटरला अर्धा मिल म्हणजे १० सेंटिमीटर. माझ्या गोळ्या नेमक्या तेवढ्याच खाली जात होत्या! तो कागद मी अजून जपून ठेवलाय. शिवाय टरेट परत झिरोवर आणला तर झिरोही दीड सेंटिमीटर सरकलेला. त्या दिवशी संध्याकाळी मी तो स्कोप काढून कपाटात ठेवला, विकला पण नाही, कोणाला विकणार.

तर स्कोप निवडताना पहिली गोष्ट ही: लांबचं कागद मारायचंय म्हणजे तुम्ही झूम विकत घेत नाही, तुम्ही क्लिक विकत घेता. बाकी सगळं नंतर.

डायमंडबॅक टॅक्टिकल आला तेव्हा रेंजवर नेऊन पहिलं काम हेच केलं. ८ मिलला ४०.२ सेंटिमीटर. दोन मिलिमीटरचा फरक माझ्या ग्रुपच्या मापातच विरघळतो, त्यामुळे मी याला बरोबर म्हणतो. मग चौकोन मारला, म्हणजे ४ मिल वर, ४ उजवीकडं, ४ खाली, ४ डावीकडं, आणि पाचवा ग्रुप पहिल्यावरच पडायला पाहिजे, पडला. नंतर एकदा मेच्या उन्हात आणि एकदा डिसेंबरच्या पहाटे परत मोजला, तेवढाच. हे माझ्या नगाचं मोजमाप आहे, तुमचा नग तुम्ही मोजा, कोणत्याही कंपनीचा घेतला तरी मोजा, अगदी लाखांचा घेतला तरी. दहा-बारा गोळ्यांत उत्तर मिळतं.

आता झूम. हा ६ ते २४ आहे आणि खरं सांगतो, २४ वर मी वर्षातले फार थोडे दिवस मारतो. कारण नागपूर. फेब्रुवारी संपला की सकाळी नऊनंतर जमीन तापायला लागते आणि २०० मीटरवरचा कागद पाण्यात बुडाल्यासारखा हलायला लागतो. शाळेत शिकलो ते मृगजळ हेच, शूटर लोक मिराज म्हणतात. गरम हवा आणि थंड हवा एकमेकींत मिसळतात, उजेड वाकतो, आणि स्कोप जेवढा मोठा करून दाखवतो तेवढंच ते हलणं पण मोठं करून दाखवतो. मेमध्ये पारा ४५ च्या वर असताना २४ वर पाहिलं तर काळं वर्तुळ उकळत्या दुधासारखं दिसते, कडा कुठं आहे तेच कळत नाही. आमच्या रेंजवर एक निवृत्त सुभेदार साहेब येतात, त्यांनी मागून येऊन मला पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं, "बारावर आण रे, चोवीसवर काय पाहून राहिला, कागद का ऊन?" बारावर आणलं तर वर्तुळ परत गोल झालं. ग्रुप पण लहान आला. तेव्हापासून मार्च ते जून १० ते १४ हीच माझी रेंज, आणि तेही पहाटे साडेपाचला निघून आठच्या आत आटपतो, नंतर तर्री पोहे खाऊन घरी.

त्याच साहेबांनी मिराजचा उपयोग पण शिकवला आणि तो मला खूप आवडतो. हवा नसली की लहरी सरळ वर जाताना दिसतात, हवा आली की त्या तिकडं झुकतात जिकडं हवा चालली, आणि जोर वाढला की जवळजवळ आडव्या वाहतात. पॅरॅलॅक्सचा नॉब, म्हणजे अंतराप्रमाणं चित्र जुळवायचा नॉब, थोडा जवळच्या अंतराकडं फिरवला की टार्गेटच्या अलीकडची हवा स्पष्ट दिसते, वाचून घ्यायची, परत टार्गेटवर आणायचा आणि मारायचं. झेंडे नसलेल्या रेंजवर याच्याइतका भरवशाचा वारा सांगणारा दुसरा कोणी नाही. म्हणजे मोठी झूम पूर्ण वाया नाही, पाहायला २०, मारायला १२.

उजेडाचा पण हिशोब करा. समोरची काच ५० मिलिमीटर, तिला झूमनं भागलं की डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या गोलाची रुंदी निघते. २४ ला ती जेमतेम २.१ मिलिमीटर, १२ ला ४.२. भर उन्हात आपली बाहुलीच आकसलेली असते म्हणून फरक वाटत नाही, पण जुलैच्या ढगाळ सकाळी २४ वर चित्र अंधारतं आणि डोकं जरा हललं की काळी सावली येते. हे गणित आहे, ५० ची काच असलेल्या प्रत्येक स्कोपला लागू.

पॅरॅलॅक्सवर लोक सगळ्यात कमी बोलतात आणि ५०-१०० मीटरवाल्यांना सगळ्यात जास्त तोच खातो. रायफल बॅगवर ठेवा, हात काढा, आणि डोकं फक्त वर-खाली करून पहा. कागदावर क्रॉस (काचेतल्या नेमाच्या रेघा) सरकला तर पॅरॅलॅक्स आहे. ज्या स्कोपला नॉब नसतो तो कारखान्यातच एका अंतराला बांधलेला असतो, बऱ्याच वेळा १०० यार्डला. असा ५० मिलिमीटर काचेचा स्कोप ५० मीटरवर वापरला आणि डोळा अगदी कडेला गेला तर चूक ११ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटचं दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं आहे. म्हणजे सगळं बरोबर करून तुम्ही नुसत्या गालाच्या जागेमुळं दहाबाहेर जाल. डायमंडबॅकचा नॉब डाव्या बाजूला आहे आणि १० यार्डपासून अनंतापर्यंत जातो, त्यामुळे घरातल्या १० मीटरवर एअर रायफलला लावून पण पाहिला, चित्र स्पष्ट येते. नॉबवर छापलेल्या अंतरावर मात्र जाऊ नका. डोकं हलवून क्रॉस थांबतो तिथं पांढऱ्या पेनानं आपली खूण करा. माझ्या तीन खुणा आहेत, ५०, १००, २००.

आता एफएफपी (फर्स्ट फोकल प्लेन) का एसएफपी (सेकंड फोकल प्लेन), यावर रेंजवर रोज भांडणं होतात. हा एफएफपी आहे, म्हणजे झूम वाढवली की रेटिकल (क्रॉस आणि त्यावरच्या खुणा) पण चित्रासोबत मोठी होते, आणि त्यावरच्या मिलच्या खुणा कोणत्याही झूमवर खऱ्याच राहतात. मी उन्हामुळं सारखी झूम बदलतो, म्हणून मला हेच पाहिजे होतं. १२ वर हवेसाठी अर्धा मिल धरलं तर तो अर्धाच असतो. एसएफपीत रेटिकल आहे तेवढीच राहते आणि खुणा एकाच ठरलेल्या झूमवर खऱ्या, बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या. पण एक कबूल करतो, फक्त ५० मीटरचं बेंचरेस्ट, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून मारणं, करायचं असेल, एकच अंतर, एकच झूम, तर एसएफपी बारीक ठिपक्यावाली चांगली, कारण एफएफपीची रेघ २४ वर जाड होते आणि लहान ठिपका तिच्याखाली झाकला जातो. मी त्यासाठी ठिपक्याऐवजी पोकळ चौकोन छापून घेतो आणि क्रॉस त्याच्या आत बसवतो.

मिल का एमओए (मिनिट ऑफ अँगल, कोनाचंच दुसरं माप), यात माझं उत्तर सोपं आहे. आपण मीटर-सेंटिमीटरमध्ये विचार करणारी माणसं. ०.१ मिलचा एक क्लिक म्हणजे १०० ला १ सेंटिमीटर, २०० ला २, तोंडी हिशोब. पाव एमओए म्हणजे १०० मीटरला ७.३ मिलिमीटर, बारीक आहे पण गुणाकार करत बसा. फक्त रेटिकल मिलची आणि टरेट एमओएचा असा स्कोप घेऊ नका, जुने काही तसे मिळतात, डोकं खराब होते. आणि ज्यांना खरोखर हजार यार्डवर इंच-इंच भांडायचंय त्यांची दुनिया वेगळी आहे, एफ-क्लासवाले (आडवं पडून, टेकू घेऊन लांबचं मारणारे स्पर्धक) नाइटफोर्सचा १५-५५×५२ किंवा मार्चचा १०-६०×५२ लावतात, एक अष्टमांश एमओएचा क्लिक, १०० मीटरला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. पण त्यांची रायफल एफ-टीआर गटात सव्वाआठ किलोपर्यंत आणि ओपन गटात दहा किलोपर्यंत असते. आपल्या .२२ वर तो स्कोप ठेवणं म्हणजे सायकलला ट्रकचं चाक.

पुढची गोष्ट घेण्याआधी कोणी सांगत नाही, ती म्हणजे टरेटचा एकूण प्रवास. याचा वर-खाली मिळून १९ मिल आहे. ऐकायला भरपूर वाटते. पण मध्यापासून वर जायला त्याचा अर्धा, साडेनऊ. .२२ एवढी हळू की ५० चा झिरो करण्यातच त्यातले तीन-साडेतीन जातात, उरले सहा, आणि मला २०० ला पाहिजेत आठच्या वर. म्हणजे सपाट रेलवर (रायफलवरची पट्टी, जिच्यावर रिंग बसतात) हा स्कोप २०० पर्यंत पोचतच नाही! यात स्कोपची चूक काही नाही, गोळीच तशी. उपाय म्हणजे २० एमओएचा तिरका रेल, तो पुढच्या बाजूला किंचित उतरता असतो आणि वर जायला ५.८ मिल आयते देतो. तो लावल्यावर माझ्याकडं ५० च्या झिरोपासून बारा मिल आहेत. स्कोप मागवताना रेलही मागवा, नाहीतर माझ्यासारखे महिनाभर रेलची वाट पाहत बसाल.

झिरो स्टॉप यात नाही. म्हणजे खाली आणताना टरेट झिरोवर स्वतः अडकत नाही, आणि एक पूर्ण फेरा चुकला तर तुम्ही सहा मिल वर किंवा खाली असता. टरेटच्या खाली रेघा आहेत, त्या मोजायची सवय लावा. माझी सवय अशी की २०० चं झालं की रायफल उचलण्याआधी टरेट झिरोवर आणतो आणि शेजारच्याला दाखवतो. ज्यांना वेगवेगळ्या अंतरावर भराभर मारायचंय, घड्याळ लावून, त्यांनी झिरो स्टॉपवाला मॉडेलच पाहावा, व्होर्टेक्सचाच वायपर पीएसटी जेन टू आहे, पण तो वजनाला पण जास्त आणि किमतीला पण बराच वर. रेटिकलला लाइट पण डायमंडबॅकमध्ये नाही. पांढऱ्या कागदावर काळी रेघ, दिवसा उजेडी, मला एकदाही गरज पडली नाही. किमती सारख्या खालीवर होतात म्हणून आकडा लिहीत नाही, पण झूम पाहून वाया घालवलेले पैसे जर मी यातच आधी घातले असते तर आज चांगल्या रिंगचे पैसे उरले असते.

रिंगवर बोलतो कारण निम्मे स्कोप खराब नसतात, बसवलेले खराब असतात. ट्यूब ३० मिलिमीटरची आहे, रिंग ३० च्याच घ्या, कोणी सांगेल १ इंचाच्या थोड्या घासून चालतात, अजिबात चालत नाहीत. स्क्रू हातानं अंदाजे आवळू नका. १८ इंच-पाउंड पुरे, म्हणजे २ न्यूटन मीटर. आमच्या कंपनीतला लहान टॉर्क रेंच मी एक रविवार मागून आणला होता. जास्त आवळली की ट्यूब दबते आणि आतली नळी अडकते, मग पॅरॅलॅक्सचा नॉब जड होतो, झूमची रिंग जड होते, आणि माणूस कंपनीला शिव्या देतो. आवळताना आलटून-पालटून, कोपऱ्या-कोपऱ्यानं, जसे गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे. रेटिकल सरळ उभी आहे का ते परत ओळंब्यावरच पहा, दोरी ५० मीटरवर टांगा आणि उभी रेघ तिच्यावर बसवा. ट्यूबवर छोटी लेव्हलची बुडबुड्याची नळी लावा. रायफल एक अंश जरी कलली तरी २०० मीटरला .२२ साधारण तीन-चार सेंटिमीटर बाजूला जाते, आणि एक अंश डोळ्याला दिसत नाही, उतारावरच्या मैदानात तर बिलकुल नाही.

डोळ्याचं अंतर साधारण १० सेंटिमीटर आहे. मी स्कोप २४ वर ठेवून, डोळे मिटून, गाल लावून, मग डोळे उघडून जागा ठरवली. मान ताणावी लागत असेल तर स्कोप सरकवा, मान नाही. ५० ची काच म्हणून स्कोप जरा उंच बसतो, माझा गाल हवेत राहायचा, म्हणून चीकपीस (गाल टेकायचा भाग) उंच करून घेतला. आधी मी त्यासाठी जुन्या टॉवेलची घडी बांधली होती आणि ती चांगली चालली.

एक सूचना एअर रायफलवाल्यांना. स्प्रिंगवाली असेल तर विचारून घ्या की स्कोप स्प्रिंगरसाठी चालतो का. त्यात पिस्टन पुढं जाऊन आदळतो म्हणून धक्का दोन्ही दिशांना बसतो, आणि मोठ्या रायफलीचा धक्का सहन करणारे स्कोपही त्यात आतून सैल होतात. पीसीपीला (दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीला) ही चिंता नाही.

उन्हाळा-हिवाळ्याचा फरक माझ्या वहीतून सांगतो. डिसेंबरच्या पहाटे, हात गारठलेले, २०० ला ८.६ मिल लागले. मेच्या सकाळी त्याच रायफलीला, त्याच लॉटच्या गोळीला ८.०. थंड हवा जड, गोळीला जास्त अडवते, आणि थंडीत दारू पण जरा मंद जळते. ०.६ मिल म्हणजे २०० ला १२ सेंटिमीटर. इंटरनेटवरचा तक्ता छापून चिकटवणाऱ्यांनी हे पाहावं. तक्ता आपल्या रायफलीचा, आपल्या गावाच्या हवेत, तापमान लिहून करायचा. आणि हे सगळं कळायला स्कोपचा क्लिक आधी भरवशाचा पाहिजे, नाहीतर हवेचा दोष कोणता आणि स्क्रूचा कोणता हे कधीच वेगळं करता येत नाही.

पावसाळ्यात आतून धूसर झाला नाही, वायू भरलेला बंद स्कोप आहे. पण बाहेरच्या काचेला बुरशी येऊ शकते, म्हणून जुलै ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेल ठेवतो आणि पुड्या बदलतो. काच पुसायला गळ्यातला दुपट्टा वापरू नका, हात जोडून सांगतो. उन्हाळ्यात प्रत्येकाच्या गळ्यात असतो आणि प्रत्येक जण त्यानंच पुसतो. त्यात रस्त्यावरची धूळ असते आणि ती कोटिंगवर ओरखडे पाडते. आधी ब्लोअरनं फुंका, मग ब्रश, मग लेन्सचं कापड. आणि मेमध्ये बंद गाडीच्या डिकीत स्कोप ठेवून बाजार करायला जाऊ नका.

आई-वडिलांसाठी एक वेगळं सांगायचंय. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं तेव्हापासून बरेच जण पोरांना घेऊन रेंजवर येतात, आणि त्यातल्या दोघांनी मला विचारलं की मुलाला कोणता स्कोप घेऊ. घेऊ नका. त्या प्रकारात रायफलवर दुर्बीण चालतच नाही. १० मीटर असो, ५० असो, ३०० असो, तिथं मागं बारीक भोकाची डायॉप्टर साइट आणि पुढं रिंग एवढंच. तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेतेपद मिळवलं तेही तसंच. त्या पैशात मुलाला चांगलं जॅकेट आणि गोळ्या घ्या. स्कोप चालतो तो बेंचरेस्टला, एफ-क्लासला, एअर रायफलच्या फील्ड टार्गेटला, आणि आमच्यासारख्या आवडीनं लांब मारणाऱ्यांना.

घेणाऱ्यानं शेवटी काय करावं? १००-२०० मीटर .२२, झूम सारखी बदलणार, बजेट मध्यम, तर हा घ्या, मी परत हाच घेईन. फक्त ५० मीटरचं एकाच जागचं बेंचरेस्ट असेल तर बारीक ठिपक्याची एसएफपी पहा. स्पर्धेत घड्याळावर अंतरं बदलणार असाल तर झिरो स्टॉपसाठी थांबा आणि पैसे जमवा. आणि ज्यांच्याकडं आधीच कोणता तरी स्कोप आहे त्यांनी नवीन घेण्याआधी ओळंबा आणि टेप घेऊन या, मी बहुतेक रविवारी सहापासून आठपर्यंत ५० मीटरच्या डाव्या कोपऱ्यात असतो, पुठ्ठा माझ्याकडं आहे, आपण तुमचा मोजून पाहू.